कापड, दोरा आणि टाका : भरतकामाच्या जगाची ओळख

विणून पुऱ्या झालेल्या कापडावर सुई-दोऱ्याने नक्षी उठवणे म्हणजे भरतकाम. मागावरची नक्षी कापडाबरोबरच जन्मते. पैठणीच्या पदरावरचा मोर पदरापासून वेगळा करता येत नाही. भरतकामाची नक्षी कापडावर नंतर येते. ती उसवता येते, बदलता येते, सहा महिने बाजूला ठेवून पुन्हा हाती घेता येते. तिला माग लागत नाही, भट्टी लागत नाही, स्वतंत्र जागाही लागत नाही. म्हणूनच दरबारच्या कारखान्यात, तांड्यावरच्या पालात आणि स्वयंपाक आवरल्यावरच्या दुपारी माजघरात ही एकच कला सारख्याच सहजतेने रुजली.

सायबेरियात सापडलेल्या, नेढे असलेल्या हाडाच्या सुया सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. सुई इतकी जुनी असली तरी जुने भरतकाम फार थोडे उरले आहे. ओल, कसर आणि रोजचा वापर यांपुढे कापड टिकत नाही. भारतासारख्या दमट हवेच्या देशात तर दोन-तीनशे वर्षांपलीकडचा भरलेला तुकडा दुर्मीळच. त्यामुळे या कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रवाशांच्या नोंदी, दरबारी दप्तरे आणि परदेशी संग्रहालयांत जाऊन पडलेल्या वस्तू यांवर विसंबावे लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने गुजरातेतल्या चामड्याच्या चटयांचे वर्णन केले. त्यांवर सोन्या-चांदीच्या तारांनी पशुपक्षी भरलेले असत. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त लाहोर, आग्रा, फत्तेपूर, अहमदाबाद इथल्या कारागिरांचे कौतुक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी बंगालमधून टसर रेशमाने भरलेल्या मोठ्या रजया युरोपात नेत होते. या सगळ्या नोंदी राजासाठी किंवा बाजारासाठी झालेल्या कामाच्या आहेत. लेकीसाठी, नातवासाठी, देव्हाऱ्यासाठी झालेले काम कोणी नोंदले नाही, आणि तेच प्रमाणाने कितीतरी मोठे होते.

भारतीय भरतकामाची ओळख बहुधा प्रांतांच्या यादीने करून दिली जाते: लखनौची चिकनकारी, पंजाबची फुलकारी, बंगालचा कांथा, कर्नाटकाची कसुती. खरेदी करणाऱ्याला आणि सरकारी खात्यांना ही यादी सोयीची असते. सुई हाती घेणाऱ्याला मात्र ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण शेजारच्या दोन प्रांतांतली कामे एकमेकांपासून दूरची आणि हजारो कोसांवरची दोन कामे सख्खी असू शकतात. त्याला विचारावा लागतो तो प्रश्न वेगळा: टाका कशाच्या आधाराने पडतो? कापडाचे धागे मोजून, आखलेल्या रेषेवरून, एकावर एक ठेवलेले थर धरून ठेवताना, की वर ठेवलेली एखादी वस्तू अडकवण्यासाठी? या चार आधारांनी भरतकामाचा सगळा प्रदेश नीट दिसू लागतो. सीमा धूसर आहेत, पण नकाशा खरा आहे.

धागे मोजून केलेल्या कामात कापड हाच आलेख असतो. त्यावर आधी काहीही काढलेले नसते. फुलकारी हे याचे वैभवशाली उदाहरण. जाड खद्दरावर, पीळ न दिलेल्या रेशमी दोऱ्याने, कापडाच्या उलट्या बाजूने काम चालते. सुई धागे मोजत पुढे सरकते आणि सुलट बाजूवर रेशमाचे लांब टाके शेजारी-शेजारी पडत जातात. दोऱ्याला पीळ नसल्याने त्यावर उजेड सपाट पडतो. तोच एक रंग आडव्या टाक्यात गडद आणि उभ्या टाक्यात फिका दिसतो, म्हणजे रंग न बदलता केवळ दिशा बदलून नक्षी उमटते. ‘बाग’ या प्रकारात तर खालचे खद्दर जवळजवळ दिसेनासे होते. नातवाच्या लग्नात सुनेला पांघरायचा बाग आजीने त्याच्या जन्मापासून भरायला घ्यावा, अशी रीत होती. कामाला लागणाऱ्या वर्षांचा अंदाज त्यावरून येतो. १९४७च्या फाळणीत बाग भरणारी घरे उठली, पेट्या मागे राहिल्या किंवा वाटेत विकल्या गेल्या, आणि कितीतरी बागांची माहिती सांगणारे माणूसच उरले नाही.

मराठी वाचकाच्या जास्त जवळची आहे ती कसुती. धारवाड-हुबळीकडची ही कला इरकल लुगड्यांबरोबर सोलापूर-कोल्हापूरकडेही आली. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. त्यांपैकी गवंती समजून घेण्यासारखी आहे. सुई एका दिशेने धावदोऱ्यासारखी जाते आणि प्रत्येक टाक्यानंतर तेवढीच मोकळी जागा सुटते. परत येताना ती मोकळी घरे भरली जातात. जाताना दोरा जिथे वर होता, तिथे येताना तो खालून जातो. काम पुरे झाले की दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गाठ कुठेच नसते. यासाठी गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन अशा गुंतागुंतीच्या आकृतीतून कोणत्या वाटेने जायचे आणि कोणत्या फांदीवरून परत फिरायचे, हे आधीच डोक्यात पक्के असावे लागते. शाळेची पायरी न चढलेल्या बायका हा हिशोब तोंडी करत आल्या. त्याला गणित म्हणायला कोणाची हरकत नसावी.

कच्छमधले सूफ काम याच घराण्यातले. १९७१च्या युद्धानंतर थरपारकर भागातून कच्छला आलेल्या कुटुंबांनी ते सोबत आणले. त्रिकोणांवर त्रिकोण रचत, उलट्या बाजूने धागे मोजत ते भरले जाते. निलगिरीतल्या तोडा स्त्रिया पांढऱ्या जाड सुती कापडावर लाल-काळ्या दोऱ्याने करतात ते कामही मोजणीचेच. पॅलेस्टाइनमधल्या पोशाखांवरचे फुलीच्या टाक्यांचे ‘तत्रीज’ २०२१मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. मॅटीवर क्रॉस स्टिच केलेल्या मराठी बाईला त्याची रीत पाहताक्षणी कळेल.

दुसऱ्या प्रकारात आधी रेषा येते, मग टाका. इथे कापड मऊ आणि दाट विणीचे चालते, कारण धागे मोजायचे नसतात. चिकनकारीत लाकडी ठशांनी धुतल्यावर जाणाऱ्या रंगात नक्षी छापली जाते, भरण्याचे काम होते आणि शेवटी धुलाईत निळ्या रेषा निघून जातात. पांढऱ्यावर पांढरे उरते. एकाच रंगात काम करायचे म्हटल्यावर वैविध्य आणायचे ते टाक्याच्या उंचीने आणि पारदर्शकतेने. बखियात सुई उलट्या बाजूला दोऱ्याचे जाळे टाकते आणि पातळ कापडातून त्याची सावली पुढे दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्याएवढी वर उठते, फंदा त्याहून गोल आणि बारीक. जाळी करताना एकही धागा कापला जात नाही. सुईने धागे बाजूला ओढून घट्ट धरले की कापडाला भोके पडल्यासारखी दिसतात. नूरजहाँने ही कला आणल्याची गोष्ट लखनौत मोठ्या आवडीने सांगितली जाते. इतिहास म्हणून ती कितपत धरावी हा प्रश्न असला, तरी मलमल आणि दरबारी अभिरुची यांतूनच ही कला घडली यात शंका नाही.

चंब्याच्या रुमालावर रेषा काढत ते पहाडी शैलीचे चित्रकार. रासलीला, शिकार, विवाह यांची चित्रे ते कोळशाने किंवा कुंचल्याने आखून देत आणि बायका ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसतील अशी रेशमाने भरत. काश्मीरमधली सोझनी इतकी बारीक असते की एकोणिसाव्या शतकात एका शालीवर श्रीनगर शहराचा अख्खा नकाशा भरला गेला. ती शाल आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोची कारागिरांनी चामड्यावरची आरी कापडावर आणली. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. ती कापडाखालचा दोरा वर ओढून साखळी टाका झरझर घालते. भारतातून निर्यात होणाऱ्या भरतकामात तिचा मोठा वाटा होता.

मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पारशी गारा. एकोणिसाव्या शतकात कॅंटनशी व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी चिनी कारागिरांकडून भरून घेतलेल्या रेशमी साड्या घरी आणल्या. करकोचे, शेवंती, पॅगोडे, पूल यांनी त्या भरलेल्या असत. पारशी घरांत या चिनी नक्षींना घरगुती नावे मिळाली. ठिपक्यांची एक नक्षी ‘कांदा-पापेटा’ झाली. परदेशी काम इतके आपलेसे करून घेतल्याची उदाहरणे भारतीय वस्त्रांत थोडी आहेत, आणि समुद्रावरच्या व्यापाराने मुंबईच्या पेहरावाला काय दिले हे गाऱ्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

तिसरा प्रकार थरांचा. इथे टाका आधी कामाचा असतो, शोभेचा नंतर. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने धरून ठेवायचे, एवढ्या गरजेतून बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कौदी आणि महाराष्ट्राची गोधडी जन्मली. कांथ्यात दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून काढलेला असे. मधोमध कमळ, कोपऱ्यांत वेली, मध्ये माणसे, हत्ती, पुढे पुढे आगगाडीही, आणि मोकळ्या जागेत नक्षीला लपेटून जाणारा बारीक धावदोरा. या दोऱ्यामुळे कापडावर पाण्यासारख्या लहरी उठतात. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव फिरून कांथे जमवले नसते, तर यातले किती टिकले असते सांगवत नाही. काही कांथ्यांवर करणाऱ्या बाईने आपले नाव भरले आहे, ही गोष्ट मोलाची आहे.

गोधडीकडे मराठी समाजाने कलेच्या नजरेने पाहिले नाही. ती अंगावर घ्यायची वस्तू, फाटली की आणखी एक थर चढवायची. पण गोधडी जमिनीवर पसरून तिच्या कडेपासून आत आत येणारे चौकोनी फेरे पाहावेत. नऊवारीचा काठ कुठे ठेवायचा, सदऱ्याचा तुकडा कुठे लावायचा, गडद शेजारी फिका कधी आणायचा, याचे निर्णय तिथे जागोजागी घेतलेले दिसतात. दोन बायका समोरासमोर बसून शिवत असतील तर दोघींच्या टाक्यांची लांबी वेगळी ओळखू येते. जपानमधले साशिको काम याच गरजेतून, थंडीसाठी कापडाचे थर शिवताना आले आणि आज जगभर शिकवले जाते. गोधडीला तो मान मिळायला हवा, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

चौथ्या प्रकारात टाका स्वतः मागे राहतो आणि दुसऱ्या वस्तूला पुढे करतो. आरशाच्या तुकड्याला भोक नसते. त्यावर आधी आडवे-उभे दोरे घालून चौकट बांधायची आणि त्या चौकटीला धरून कडेने काजटाक्यासारखा वेढा घालायचा, अशी त्याची रीत. बंजारा स्त्रियांच्या फेटिया, काचळी आणि ओढणीवर आरसे, कवड्या, नाणी, रंगीत ठिगळे असे सगळे एकत्र येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांवर जुन्या बायकांकडे असे पोशाख अजून सापडतात. कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातल्या तांड्यांवरच्या कामाचा तसा नीट अभ्यास अजून व्हायचा आहे. जरदोजीत सलमा, सितारा, दबका, कोरा अशा धातूच्या तारा-टिकल्या ताणलेल्या कापडावर टाचल्या जातात. कापड ज्यावर ताणतात तो लाकडी अड्डा चार-पाच माणसे भोवती बसतील एवढा असतो, आणि हे काम परंपरेने पुरुषांचे. भरतकाम म्हणजे बायकांचा रिकाम्या वेळेचा उद्योग ही समजूत अड्ड्यावर एक दिवस घालवला तरी गळून पडते.

युरोपची वाट थोडक्यात सांगता येते. अकराव्या शतकातले, सुमारे ७० मीटर लांबीचे बायोचे वस्त्र लिननच्या कापडावर लोकरीने भरलेले आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडमधली चर्चची वस्त्रे युरोपभर जात. गोव्यातल्या चर्चच्या झग्यांवरची भरजरी कामे याच ख्रिस्ती परंपरेतून आली. १८२८मध्ये म्युलूझ इथे भरतकामाचे पहिले यंत्र झाले, १८६३मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिफली यंत्र आले, आणि हाताने केलेल्या कामाला स्वस्त प्रतिस्पर्धी मिळाला. त्याच काळात हौशी बायकांसाठी छापील नमुने आणि पुस्तके निघू लागली. तेरेझ द दिल्मोंचा सुईकामाचा विश्वकोश १८८६चा. अशा पुस्तकांनी युरोपीय टाक्यांचा एक सामाईक साठा तयार केला.

तो साठा मिशनऱ्यांच्या शाळांतून महाराष्ट्रातही पोचला. पुढे स्त्रीशिक्षणाच्या चळवळीने शिवण-टिपणाला बाईच्या स्वावलंबनाचे साधन मानले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग चालत. विसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात गहू टाका, देठटाका, गाठीचा टाका, सिंधी टाका मुलींना यायचेच. उशांचे अभ्रे, मॅटीचे टेबलक्लॉथ, बाळाची कुंची, रुकवतात मांडायचे रुमाल यांवर ते भरले गेले. या कामात परंपरेचा शुद्धपणा शोधू नये. शाळा, शेजारीण, पुस्तक आणि सासरची चाल अशा सगळ्यांकडून उचललेले टाके त्यात एकत्र आहेत, आणि त्यातच त्याची खरी गोडी आहे.

भरतकामाचा अभ्यासही वेगवेगळ्या दृष्टींनी झाला. पहिली दृष्टी संग्राहकांची. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय १९४९मध्ये सुरू झाले आणि त्याच्या सूचींनी वस्तूंचे काळ व ठिकाण ठरवण्याची शिस्त दिली. दुसरी दृष्टी पुनरुज्जीवनाची. स्वातंत्र्यानंतर कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हस्तकलांना राष्ट्रीय व्यासपीठ मिळवून दिले. १९६९च्या दुष्काळात मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ कच्छमध्ये मदतीला गेल्या. धान्य फुकट घ्यायला तयार नसलेल्या स्त्रियांचे भरतकाम विकत घेत तिथून ‘सृजन’ ही संस्था उभी राहिली. लखनौत १९८४मध्ये ‘सेवा’ या संस्थेने चिकन करणाऱ्या बायकांना दलालांच्या हातून सोडवण्याचा प्रयत्न केला. तिसरी दृष्टी स्त्रीवादी. रोझिका पार्करने १९८४च्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’मध्ये दाखवले की सुईने बाईला घरात बसवले आणि त्याच सुईने तिला बोलायची जागाही दिली. पिनोशेच्या राजवटीत चिलीतल्या बायकांनी बेपत्ता नातेवाइकांच्या गोष्टी चिंध्यांच्या चित्रांतून बाहेर पोचवल्या, तेव्हा याचा पुरावाच मिळाला.

या तिन्ही दृष्टी मोलाच्या आहेत. पण करणाऱ्या बाईला त्या कामात काय गोडी वाटते, हा प्रश्न त्यांत बहुधा बाजूला राहतो. ही उणीव साधी नाही. कच्छमधल्या ढेबरिया रबारी समाजाने १९९५मध्ये स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर बंदी घातली, कारण हुंड्याच्या कपड्यांचा भार इतका वाढला होता की मुलींची लग्ने वर्षानुवर्षे खोळंबत होती. हौस सक्ती झाली की कलेचे काय होते, हे इथे दिसते. सक्ती काढून घेतल्यावर मागे काय उरते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा.

आजच्या घडीला दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. संगणकावर चालणारी बहुसुई यंत्रे दिवसाला शेकडो मीटर कापड भरतात आणि बाजारात ‘चिकन’ किंवा ‘फुलकारी’ म्हणून विकली जाणारी बरीच वस्त्रे त्यांचीच असतात. दुसरीकडे जगातल्या मोठ्या फॅशन घराण्यांचे हातकाम मुंबईच्या कार्यशाळांतून होते. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर डिओरचा फॅशन शो झाला आणि मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेचे नाव प्रथमच एवढ्या उघडपणे घेतले गेले. एरवी अड्ड्यावर बसणाऱ्याचे नाव कपड्यावर येत नाही. भौगोलिक मानांकनाने प्रदेशाचे नाव सुरक्षित होते, पण नगावर मोजली जाणारी मजुरी त्याने वाढत नाही. ग्राहकाला टाका ओळखता आला, तरच तो त्याची रास्त किंमत द्यायला तयार होतो. म्हणून टाक्यांचे ज्ञान ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

हौसही मोठी आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. भरतकामात मन एका जागी बसते. हात चालतो, डोळा मोजतो, आणि एखादी ओळ पुरी झाली की झालेले काम समोर दिसते. अनेक प्रकार करून पाहिले की ही गोडी वाढत जाते. गवंती जमल्यावर फुलकारीची मोजणी सोपी होते. बखिया केल्यावर कापडाच्या उलट्या बाजूकडे पाहायची सवय लागते. गोधडीचा एक कोपरा शिवला की सरळ धावदोरा किती अवघड आहे ते कळते. एकाच प्रकारात आयुष्य घालवणाऱ्या कारागिराची सफाई हौशी माणसाला मिळणार नाही, पण अनेक प्रकारांमधले नाते त्याला दिसू शकते.

या पुस्तकाची मांडणी त्यामुळे प्रांतांनुसार नाही, टाक्याच्या आधारानुसार आहे. प्रत्येक प्रकारासाठी आधी कापडाची निवड, मग दोरा, मग टाका, आणि त्यानंतर तो ज्या लोकांचा आहे त्यांचा इतिहास असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक नमुन्याची उलटी बाजूही छापली आहे, कारण शिकणाऱ्याला खरे उत्तर तिथे मिळते आणि खरेदी करणाऱ्यालाही. सगळे प्रकार इथे नाहीत. ज्यांची रीत प्रत्यक्ष करून पाहता आली नाही ते वगळले आहेत. एखाद्या समाजाची ओळख असलेली नक्षी शिकावी, पण विकताना ती कोणाची आहे ते सांगावे, ही अट पुस्तकाने पाळली आहे आणि वाचकानेही पाळावी.

सुरुवातीला मॅटीचा किंवा जाड खादीचा हातभर तुकडा, बोथट टोकाची एक सुई आणि दोन रंगांच्या लड्या पुरतात. मोजणीच्या टाक्यांनी आरंभ करावा. रिंग, ट्रेसिंग आणि बारीक कापड नंतर यावे. आणि घरात आजी-पणजीची कुंची, रुमाल, गोधडी असेल, तर एका चिठ्ठीवर करणारीचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ती वस्तूसोबत शिवून ठेवावी.